रात्रीचं रान बघायचंय: नाईट व्हिजनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना सरत आला की काजव्यांच्या सहलींच्या जाहिराती सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग "नाईट व्हिजन कुठलं घेऊ?" हा प्रश्न येतो. थंडीत नाईट ट्रेकवाले तेच विचारतात, ठाण्यातल्या येऊर आणि मुंबईतल्या आरेच्या जंगलाआसपास राहणारे तर बारा महिने. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. इथे विकायला काही नाही, त्यामुळे "घेऊ नका" हे उत्तरही बऱ्याच ठिकाणी भेटेल.

नाईट व्हिजन म्हणजे सगळं एकच असतं ना?

नाही, आणि सगळा घोळ इथेच होतो. तीन वेगळ्या जातीच्या वस्तू एकाच नावाखाली विकल्या जातात.

पहिली ट्यूबवाली. चंद्राचा, चांदण्यांचा जो काही उजेड भिंगातून आत शिरतो, त्याने फोटोकॅथोड नावाच्या थरातून इलेक्ट्रॉन सुटतात. ते लाखो सूक्ष्म छिद्रं असलेल्या पातळ चकतीतून जाताना हजारो पटींनी वाढतात आणि मागच्या फॉस्फरच्या पडद्यावर आदळून चित्र उमटवतात. सिनेमात दिसतं ते हिरवं चित्र हेच. हल्ली पांढऱ्या फॉस्फरच्या ट्यूबही मिळतात, डोळ्याला त्या जास्त सोसवतात. जनरेशन १ मध्ये ती छिद्रांची चकती नसते, २ पासून ती आली आणि ३ मध्ये फोटोकॅथोड गॅलियम आर्सेनाइडचा झाला.

दुसरी डिजिटल. आत कॅमेऱ्याचाच सेन्सर, समोर छोटा पडदा आणि सोबत इन्फ्रारेड टॉर्च. म्हणजे यंत्र स्वतःच उजेड पाडतं, फक्त तो आपल्या डोळ्याला दिसत नाही. सोसायटीच्या गेटवरचा सीसीटीव्ही रात्री काळंपांढरं चित्र दाखवतो, तेच हे तंत्र.

तिसरी थर्मल. हिला उजेडाशी देणंघेणंच नाही. प्रत्येक वस्तू उष्णता बाहेर टाकते, त्यातल्या साधारण ८ ते १४ मायक्रॉनच्या लहरी हे यंत्र टिपतं आणि गरम-गार असा फरक चित्रात दाखवतं. काळ्याकुट्ट अंधारात आणि भर दुपारीही चालतं.

मग मी कुठलं घ्यायचं?

तुम्हाला काय बघायचंय ते आधी सांगा. एका जागी बसून किंवा गाडीरस्त्याच्या कडेने सावकाश फिरत प्राणी-पक्षी शोधायचे असतील तर हातात धरायचा थर्मल मोनोक्युलर, म्हणजे एका डोळ्याने बघायची दुर्बीण. झाडीत बसलेलं उदमांजर, फांदीला चिकटलेला रातवा, कांदळवनाच्या कडेने जाणारा कोल्हा हे सगळं टॉर्चने शोधायला गेलात तर तुम्हाला दिसायच्या आधी ते तुम्हाला बघून पसार होतात. थर्मलमध्ये अंधारात पांढरा ठिपका चमकतो आणि शोध तिथेच संपतो.

प्राणी सापडल्यावर त्याचा चेहरामोहरा, पट्टे, पिसांची नक्षी बघायची किंवा व्हिडिओ काढायचा असेल तर डिजिटल. थर्मलमध्ये नक्षी दिसत नाही, दिसतो तो आकार.

आकाशासाठी ट्यूब. नुसत्या डोळ्यांना दिसतात त्याच्या कितीतरी पट तारे त्यातून दिसतात. पण चांगल्या ट्यूबची किंमत लाखांत जाते, तेवढ्यात उत्तम दुर्बीण येईल. वांगणीला खगोल मंडळाच्या आकाशदर्शनाला आधी नुसती बायनोक्युलर घेऊन जाऊन या, मग ठरवा.

पैशाचा ढोबळ अंदाज द्यायचा तर डिजिटल काही हजारांपासून सुरू होतं आणि बरा थर्मल लाखाच्या आसपास घुटमळतो.

नाईट ट्रेकला गॉगल लावून चालता येईल का?

नका चालू. सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे आणि उत्तर सगळ्यात कमी लोकांना आवडतं.

डोळ्यांना उघड्यावर डावी-उजवीकडचं मिळून जवळजवळ १८० अंश दिसतं. गॉगलमधून साधारण ४० अंश. बाजूने घसरणारी वाट, पायाजवळचं कारवीचं खुंट दिसत नाही. त्यात खोलीचा अंदाज जातो. पायरी वीतभर उतरते की कंबरभर, हे सपाट चित्रात कळत नाही. शिवाय फोकस एका वेळी एकाच अंतराला लागतो. दहा पावलांवरची वाट स्पष्ट केली की पायाखालचा दगड धूसर होतो. सैनिक हे लावून चालतात ते भरपूर सरावाने, आणि टॉर्च लावली तर जिवावर बेतेल म्हणून. राजमाचीच्या वाटेवर तुमच्या मागे कोणी लागलेलं नाही.

हेडलॅम्प घ्या, जास्तीचे सेल घ्या. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी तर कुठलंच यंत्र डोळ्याला लावून कडेला उभं राहायचं नाही. बसून बघा.

थर्मलमध्ये साप दिसतो ना? मग वाट तपासायला तो बराच की.

भरवसा ठेवू नका. साप शीतरक्ताचा, त्याचं तापमान आजूबाजूच्या जमिनीइतकंच होतं. मण्यार किंवा फुरसं पाचोळ्यात पडलेलं असेल तर थर्मलमध्ये पाचोळाच दिसेल. सापासाठी पायाशी पडणारा चांगला प्रकाश, घोट्यावरचे बूट आणि हातात काठी, एवढंच.

जाहिरातीत "१००० मीटरपर्यंत दिसतं" लिहिलंय. खरं असतं का?

खोटं नसतं, पण अर्धवट असतं. "तिथे काहीतरी आहे" एवढं कळणं, "चार पायांचा प्राणी आहे" हे कळणं आणि "बिबट्या आहे, कुत्रा नाही" हे कळणं या तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. १९५८ मध्ये जॉन जॉन्सन यांनी यासाठी निकष मांडले, ते आजही वापरात आहेत. पिक्सेलच्या भाषेत सांगायचं तर पहिल्या पायरीला वस्तूच्या आडव्या-उभ्या मापावर साधारण २, दुसरीला ८ आणि तिसरीला १३ पिक्सेल पडावे लागतात. जाहिरातवाले पहिल्या पायरीचा आकडा छापतात. त्याला चाराने भागलंत की दुसरी पायरी, साडेसहाने भागलंत की तिसरी. १००० मीटरचे असे १५० राहतात.

हा हिशेब दुकानात उभ्या उभ्या करता येतो. सेन्सरचा पिक्सेल १२ मायक्रॉन आणि भिंग २५ मिलिमीटरचं असेल, तर १०० मीटरवर एक पिक्सेल ४.८ सेंटिमीटर झाकतो. बिबट्याची खांद्यापर्यंतची उंची ६५ सेंटिमीटर धरली तर त्याच्या वाट्याला १३-१४ पिक्सेल आले, म्हणजे ओळख पटली. तोच सेन्सर १० मिलिमीटरच्या भिंगामागे असला तर त्याच अंतरावर एक पिक्सेल १२ सेंटिमीटरचा होतो, बिबट्याला पाचच पिक्सेल मिळतात आणि दिसतो तो पांढरा डाग. मग त्या डागावरून ग्रुपवर दोन दिवस वाद. म्हणून सेन्सर आडव्या २५६ पिक्सेलचा की ३८४ चा हे विचाराच, पण भिंग किती मिलिमीटरचं हे आधी विचारा. मात्र भिंग मोठं झालं की दिसणारा पट्टा अरुंद होतो, दाट झाडीत त्याचा त्रास होतो. येऊरसारख्या ठिकाणी १५ ते २५ मिलिमीटर पुरे.

डिजिटल झूमचे आकडे मात्र सरळ सोडून द्या. ते त्याच पिक्सेलांना फुगवतात.

मुंबईत एवढा उजेड असताना याचा काही उपयोग आहे का?

ट्यूब आणि डिजिटलचा कमी. समोर एखादा सोडियमचा किंवा एलईडीचा दिवा आला की त्याच्याभोवती मोठं तेजोवलय उठतं आणि त्याआडचं सगळं पुसलं जातं. आरेतल्या रस्त्यावर हे दर खांबाला होतं. थर्मलला दिव्याचा त्रास नाही, म्हणून शहराच्या हद्दीत तोच कामाचा.

त्याची अडचण वेगळी. आपला सह्याद्री बेसाल्टचा. एप्रिल-मेमध्ये दिवसभर तापलेला कातळ रात्री उशिरापर्यंत धगधगत असतो. संध्याकाळी साडेसात-आठला थर्मलमधून डोंगरउतार बघा, दगड न् दगड पांढरा दिसतो आणि त्यात बसलेला ससा सापडत नाही. मध्यरात्र उलटली की दगड निवतात आणि प्राणी उठून दिसायला लागतात. पहाटेची वेळ सगळ्यात चांगली. सूर्य वर आला की पुन्हा चित्र बिघडतं.

बोरिवलीच्या नॅशनल पार्कात रात्री घेऊन जाता येईल का?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान संध्याकाळी बंद होतं. रात्री आत थांबायचं असेल तर वनखात्याची परवानगी लागते, यंत्र कुठलंही असो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे परवान्याशिवाय अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात शिरणं गुन्हा आहे, आणि प्राण्याला त्रास देणं हाही. तुंगारेश्वर, कर्नाळा, फणसाडलाही हाच कायदा. भिंतीच्या फटीतून आत शिरणारे आहेत, त्यांच्यासाठी हे पान नाही.

बाहेरून बघायला काय कमी आहे? उद्यानाच्या कडेला ज्यांच्या सोसायट्या आहेत त्यांनी गच्चीवर बसावं. वटवाघळं, पिंगळे, क्वचित भेकर, आणि नशिबात असेल तर कुंपणावरून उडी मारणारा बिबट्या, सगळं खुर्चीतून दिसतं. दिसलाच तर जागेचा पत्ता टाकून फोटो फिरवू नका. दुसऱ्या दिवशी तिथे पन्नास माणसं जमतात आणि बिचाऱ्या प्राण्याची वाट बंद होते.

आणखी एक. बंदुकीवर बसवायचे स्कोप ऑनलाइन स्वस्तात दिसतात म्हणून घेऊ नका. जंगलाच्या आसपास ते घेऊन सापडलात तर शिकारीचा संशय येणारच, आणि तो येणं रास्तही आहे.

काजवे बघायला यातलं काय न्यायचं?

काही नाही. काजव्याचा प्रकाश थंड असतो, त्यामुळे थर्मलमध्ये तो दिसतच नाही. डिजिटलचा पडदा चेहऱ्यावर उजेड पाडतो आणि तुमच्याबरोबर शेजारच्याचेही डोळे दिपतात. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात. एकदा मोबाईल उघडला की मोजणी परत पहिल्यापासून.

काजव्याचे नर चमकून माद्यांना साद घालतात, मध्येच टॉर्च मारली की तो संवाद तुटतो. पुरुषवाडी असो, राजमाची असो की भंडारदरा, जमिनीकडे वळवलेला मंद लाल दिवा आणि गप्प बसायची तयारी एवढं न्या. भंडारदऱ्याची बरीच झाडं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीत येतात, तिथले नियम वनखातं त्या-त्या मोसमात सांगतं ते पाळा.

इन्फ्रारेड टॉर्च ८५० नॅनोमीटरची घ्यावी की ९४० ची?

८५० चा पल्ला जास्त, पण टॉर्चच्या तोंडाशी मंद लाल ठिणगी दिसते. ९४० पूर्ण अदृश्य, पण सेन्सरला त्या लहरी कमी कळतात म्हणून पल्ला बराच घटतो. घुबडाच्या ढोलीजवळ बसणार असाल तर ९४०, मोकळ्या माळावर ८५०. धुक्यात दोन्ही निकामी. घाटात ढगात गाडीचे हेडलाइट अप्पर केल्यावर समोर जी पांढरी भिंत उभी राहते, तीच पडद्यावर दिसते. अशा वेळी इन्फ्रारेड बंद करा.

पावसाळ्यात वापरता येतं का?

येतं, पण पुरेपूर नाही. मुसळधार पाऊस आणि दाट धुकं थर्मललाही आंधळं करतं, आणि भिजलेलं रान सगळं एकाच तापमानाचं होऊन चित्र मवाळ पडतं. पाऊस थांबून तास-दोन तास झाले की पुन्हा बरं दिसतं.

यंत्रावर आयपी ६७ लिहिलं असेल तर ते गोड्या पाण्यात एक मीटर खोल अर्धा तास टिकेल असा अर्थ. समुद्राच्या खाऱ्या पाण्याचं वचन त्यात नाही. किनाऱ्यावरून आलात की ओल्या फडक्याने पुसा, मग कोरड्याने.

मुंबईकरांचा खरा शत्रू बुरशी. जूनमध्ये कपाटात ठेवलेलं भिंग गणपतीत काढलं की आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसतात, हे कॅमेरावाल्यांना सांगायला नको. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा. ४० ते ५० टक्के ठीक. कातडी किंवा रेक्झिनच्या केसमध्ये बंद करून ठेवू नका, ओल तिथेच धरते. आणि आठवड्यातून एकदा वापरा, हे सर्वात सोपं औषध.

गाडीच्या काचेतून थर्मल चालतो का?

नाही. साधी काच त्या लहरी अडवते, तुम्हाला तुमचंच प्रतिबिंब दिसेल. काच खाली करा. खिडकीच्या बंद काचेआडून बघून "बिघडलाय" म्हणून परत करणारे बरेच असतात.

चष्मा आहे. अडचण येईल?

सहसा नाही. डोळ्याकडच्या बाजूला नंबर जुळवायची फिरकी असते. आधी पडद्यावरची अक्षरं किंवा चिन्हं स्वच्छ दिसेपर्यंत ती फिरवा, मगच पुढच्या भिंगाचा फोकस लावा. क्रम उलटा केला की दोन्ही चुकतात आणि यंत्राला बोल लागतो. एका डोळ्याने बघायचं मोनोक्युलर असेल तर दुसरा डोळा अंधाराला सरावलेला राहतो, हा त्याचा मोठा फायदा. पडद्याची चमक सगळ्यात कमी ठेवा.

थर्मल मध्येच "टक्" करतो आणि चित्र क्षणभर गोठतं. बिघडलाय का?

नाही. आतली झडप पडून सेन्सर स्वतःला जुळवून घेतो, ते ठीकच आहे. पक्ष्याच्या अगदी जवळ असाल तर सेटिंगमध्ये ते हाताने करायचं ठेवा.

रस्त्यावर मिळणारे पिवळे "नाईट व्हिजन" चष्मे?

ते नाईट व्हिजन नाहीत, पिवळ्या काचा आहेत. रात्री आधीच कमी असलेला उजेड त्या आणखी कापतात. ते लावून घोडबंदर रोडला गाडी चालवू नका.

कुठून घ्यावं, आणि दुकानात काय तपासावं?

फोर्टातल्या कॅमेऱ्याच्या दुकानांत किंवा लॅमिंग्टन रोडला चौकशी करा, ऑनलाइन घेतलंत तर जीएसटीचं बिल आणि भारतात दुरुस्ती होईल असं लेखी असेल तरच. "इम्पोर्टेड माल, वॉरंटी दुकानाची" याचा अर्थ वॉरंटी नाही.

डिजिटल तपासायचं असेल तर खिशात टीव्हीचा रिमोट घेऊन जा. यंत्राची इन्फ्रारेड टॉर्च बंद ठेवून रिमोट समोर धरा आणि बटण दाबा. रिमोटचं टोक पडद्यावर लखलखलं पाहिजे. नाही लखलखलं तर ती खेळण्यातली दुर्बीण आहे, कितीही "मिलिटरी ग्रेड" लिहिलेलं असो. मग दुकानदाराला दिवे घालवायला सांगा. का-कू केली तर तुम्हीही निघा.

थर्मल घेताना समोरच्या भिंतीवर तळवा पाच सेकंद दाबून काढा. भिंतीवर पंजाचा ठसा उमटलेला दिसायला हवा, आणि हळूहळू विरायला हवा. यंत्र फिरवताना चित्र अडखळतं का तेही बघा. २५ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला २५ चित्रांच्या, खाली गेलं की उडणारं वटवाघूळ तुकड्या-तुकड्यांत दिसतं.

जुनी जनरेशन १ ची रशियन यंत्रं कधी चोरबाजारात दिसतात. शोभेला छान. ट्यूबवाल्या यंत्राचं झाकण दिवसा काढून बघण्याचा आग्रह धरू नका, प्रखर उजेडाने ट्यूब कायमची भाजते.

सैन्यात वापरतात तेच मिळेल का?

अमेरिकी जनरेशन ३ च्या निर्यातीवर तिथल्या सरकारची कडक बंधनं आहेत. त्यामुळे कोणी स्वस्तात "ओरिजिनल आर्मी पीस" देत असेल तर तो खोटा तरी असेल किंवा चोरीचा तरी. आपल्याकडे ट्यूब बनत नाहीत असं मात्र नाही. भारत इलेक्ट्रॉनिक्सची उपकंपनी १९९० पासून पुण्यात याच कामासाठी आहे. माल मुख्यतः सैन्यदलांकडे जातो.

हे घेऊन फिरताना पोलीस अडवतील का?

कुठे फिरताय त्यावर आहे. नेव्ही नगर, तुर्भ्याचा अणुसंशोधन केंद्राचा परिसर, बंदरं, विमानतळाची भिंत इथे हे डोळ्याला लावणं म्हणजे रात्र चौकीत काढायची तयारी. २६/११ नंतर किनाऱ्यावर कोणी अंधारात बसून समुद्राकडे यंत्र लावलेलं दिसलं तर लोकच फोन करतात, आणि करायलाच हवा. रानाजवळच्या पाड्यावर जाणार असाल तर आधी पाड्यात सांगून ठेवा.

आणि समोरच्या इमारतीच्या खिडक्यांकडे ते कधीही वळवू नका. खासगी क्षणी स्त्रीला चोरून बघणं किंवा टिपणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. "घुबड शोधत होतो" हे तिथे चालणार नाही.

बॅटरी किती घ्यावी?

छापलेल्या वेळेच्या निम्मी धरा. सेल बदलता येणारं यंत्र घ्या. विमानाने जाताना सुटे लिथियम सेल आणि पॉवर बँक केबिनच्या बॅगेतच.

ट्रेकला कोणी वाट चुकलं तर थर्मलने सापडतं का?

माळावर, मोकळ्या उतारावर सापडतं. दाट पानांआड, कातळाच्या कपारीत किंवा ओल्या रेनकोटात असलेला माणूस सापडेलच असं नाही, कारण पान न् कापड दोन्ही उष्णता अडवतात. म्हणून थर्मल घेऊन स्वतः कड्यावरून शोधत फिरू नका. ११२ ला फोन करा, गावातल्या वाटाड्याला उठवा, एका जागी थांबून शिट्टी वाजवत राहा. बचाव पथक आलं की यंत्र त्यांच्या हातात द्या.